टीसीई: उपसून काढायचं की जागीच पचवायचं?

आमच्या वर्कशॉपमागची जुनी डिग्रीझिंगची टाकी वर्षानुवर्षं झिरपत होती, हे बोअरच्या पाण्यात टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन, धातूवरचं ग्रीस धुवायचं द्रावक) सापडल्यावर कळलं. समोर दोन मार्ग होते: पाणी उपसून वर शुद्ध करत राहायचं, किंवा जमिनीत खाद्य सोडून जिवाणूंकडून काम करून घ्यायचं. मी आधी पहिला केला, मग दुसरा. त्यामुळे पारडं थोडं झुकलेलं दिसलं तर समजून घ्या.

मातीचं आधी उरकतो. पाण्याच्या पातळीच्या वरचा मुरूम दोन्हींत वेगळाच हाताळावा लागतो. जमिनीतली हवा ओढणारा ब्लोअर आणि तिच्यातली टीसीईची वाफ शोषणारा कोळशाचा ड्रम उन्हाळ्यात झकास चालतो. काळी माती पावसात फुगली की हवा हलत नाही.

खरी डोकेदुखी पाण्याची. टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड, म्हणून ते खाली उतरत जातं. आणि आपल्या काळ्या पाषाणात खाली म्हणजे भेगा आणि सांधे. उपशाचा फायदा असा की पाणी आपल्याकडे ओढलं जातं, शेजाऱ्याच्या विहिरीकडे जात नाही. आकडे सुरुवातीला झपाझप उतरतात, मग अडून बसतात. पंप थांबवला की खडकात मुरलेलं टीसीई भेगांत परत पाझरतं. हे ऐकून होतो, म्हणून फार वाईट वाटलं नाही.

मला पिडलं ते क्षारानं. आमचं पाणी जड. उपसलेल्या पाण्यातून टीसीई उडवून लावणाऱ्या स्ट्रिपर टॉवरमध्ये हवा फुंकली की टीसीईबरोबर कार्बन डायऑक्साइडही उडतो, पाण्याचा सामू चढतो आणि चुना बसतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच, फक्त २० फूट उंचीभर. एका दिवाळीच्या तोंडावर टॉवर उघडला, तर आतल्या प्लास्टिकच्या रिंगांचा मिळून एकच पांढरा ढेकूळ झालेला. ऑपरेटर पहारीनं फोडतोय आणि मी खाली उभा राहून नव्या रिंगांचा हिशोब करतोय. मग ॲसिडनं धुवा, त्या ॲसिडचा आम्लपणा मारा, गाळ घातक कचऱ्यात पाठवा, त्याची कागदपत्रं करा. पाण्यापेक्षा टॉवरच जास्त धुतला असेल आम्ही.

जिवाणूंचा मार्गही सरळ नाही. सोयाबीन तेलाचं दुधाळ इमल्शन बोअरमध्ये सोडलं. दुसऱ्या दिवशी ४० फुटांवरच्या तपासणी बोअरमधून बेलर (नमुना काढायची नळी) वर काढला तर त्यात ताकासारखं पाणी. १५ फुटांवरच्या बोअरला मात्र टिपूस नाही. भेग नेईल तिकडे तेल जातं, त्यामुळे दोन बोअर आणखी मारावे लागले. पाणी काळं पडतं, गटारासारखा वास येतो. शिवाय टीसीईचे क्लोरीन एकेक करून काढत थेट इथिलीनपर्यंत नेणारे म्हणून मुख्यतः डीहॅलोकोकॉइड्स हे जिवाणू ओळखले जातात. ते पुरेसे नसले तर गाडी व्हिनाइल क्लोराइड या मधल्या टप्प्यावर अडते, आणि ते जास्त वाईट: अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईला लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, व्हिनाइल क्लोराइडला २. आमची अडली होती. बाहेरून जिवाणू आणून सोडल्यावर हलली, पण मधले महिने झोप नव्हती. तेव्हा हे जिवाणू पुरेसे आहेत का, ही तपासणी तेल विकत घेण्याआधी करा.

जमिनीत परमँगनेट सोडून टीसीई रासायनिक रीतीनं मोडण्याचाही विचार केला होता. काम झटपट होतं, पण भेगेतून जांभळं पाणी कुणाच्या विहिरीत निघालं तर गावाला काय सांगणार?

शेजारी पिण्याची विहीर असेल, तर पहिली काही वर्षं उपसाच करा; तिथं माझ्या आवडीनिवडीला अर्थ नाही. तशी घाई नसेल आणि पाणी आमच्यासारखं जड असेल, तर मी तरी आता थेट तेलाकडेच जाईन. पंप आणि कोळशाचे ड्रम अडीअडचणीला ठेवलेत. टॉवर भंगारात काढला. भंगारवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, आधी हे खरवडून द्या, मग वजन करू."