हायपर-कन्व्हर्ज्ड क्लस्टर अपुरे पडू लागल्यावर: सुधारणा, नवे नोड की स्वतंत्र स्टोरेज?

हायपर-कन्व्हर्ज्ड क्लस्टर, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि साठवण एकत्र असलेल्या सर्व्हरचा (नोडचा) गट, तीन-चार वर्षे चालले, व्हर्च्युअल मशीनची (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकांची) संख्या वाढत गेली आणि संथपणाच्या तक्रारी येऊ लागल्या, की निर्णय घेणाऱ्यासमोर सहसा तीन मार्ग असतात: आहे त्याच क्लस्टरमध्ये सुधारणा करणे, त्याच जातीचे आणखी नोड घेणे, किंवा स्टोरेज (साठवण) कॉम्प्युटपासून (प्रोसेसर आणि मेमरीपासून) वेगळे काढणे. सॉफ्टवेअरच बदलण्याचा चौथा मार्ग पूर्वी क्वचित चर्चेत येई. परंतु २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ताब्यात घेतली, पाठोपाठ कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली, आणि तेव्हापासून तोही गंभीरपणे विचारात घ्यावा लागतो.

या मार्गांची तुलना बहुधा नोडच्या किमतीवरून केली जाते आणि तिथेच ती चुकते, असे माझे मत आहे. खर्च मोजायचा तर परवाना भरलेल्या प्रत्येक कोरमागे (प्रोसेसरमधील गणन-एककामागे) प्रत्यक्ष वापरता येणारी किती साठवण मिळते आणि किती मशीन नीट चालतात, हे पाहावे. वेगाच्या बाबतीत डिस्कच्या माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा एक लेखन पूर्ण व्हायला कोणती वाट चालून जाते, हे अधिक निर्णायक असते.

आधी तुटवडा ओळखावा

नोड विकत घेताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क एकत्रच येतात. तुटवडा यांपैकी एकाचाच असेल, तर नव्या नोडबरोबर उरलेल्या दोन गोष्टींचा नको असलेला साठाही आपण विकत घेतो आणि वर त्याचा परवाना व वीज भरत राहतो. म्हणून किमान एक पूर्ण महिना, महिनाअखेरीच्या भारासह, मोजमाप करावे. सरासरी लेटन्सी (एका वाचन-लेखनाला लागणारा विलंब) फारशी उपयोगाची नाही, कारण वापरकर्त्याला जाणवतो तो सर्वांत संथ एक टक्का. त्यामुळे ९९ व्या शतमानाची लेटन्सी पाहावी, आणि वाचन व लेखन यांची आकडेवारी वेगळी ठेवावी. प्रोसेसरच्या बाबतीत एकूण वापराच्या टक्केवारीपेक्षा मशीनला कोर मिळण्यासाठी किती वेळ ताटकळावे लागते, हे महत्त्वाचे. प्रत्येक व्हर्च्युअल कोरमागे हा वेळ ५ टक्क्यांच्या वर राहू लागला की चौकशी सुरू करावी, असा संकेत प्रशासक मंडळी पाळतात.

या चौकशीत बहुतेक वेळा असे दिसते, की दोन कोर पुरले असते तिथे मशीनला आठ कोर दिलेले आहेत. असे मशीन स्वतःही संथ चालते आणि शेजाऱ्यांनाही अडवते. मशीनचे आकार गरजेनुसार कमी करणे हे कंटाळवाणे, खातेनिहाय वाटाघाटींचे काम आहे. पण एकही वस्तू विकत न घेता होणारी इतकी मोठी बचत दुसऱ्या कुठल्या उपायात मला दिसलेली नाही.

लेखनाची वाट

व्हर्च्युअल मशीनने एखादा ब्लॉक लिहिला, की स्टोरेज सॉफ्टवेअर तो किमान दोन नोडवर पोहोचवते आणि सर्व प्रती सुरक्षित झाल्याची पोच आल्यावरच मशीनला ‘झाले’ असे कळवते. म्हणजे लेखनाचा वेग सर्वांत संथ प्रतीइतकाच असतो. एका नोडमधील एक थकलेली डिस्क किंवा एक सदोष नेटवर्क केबल सबंध क्लस्टरला जाणवते ती यामुळेच.

आता आकडे पाहू. पीसीआय एक्स्प्रेसच्या (प्रोसेसरला थेट जोडणाऱ्या मार्गाच्या) चौथ्या पिढीतील, चार लेन वापरणारी एनव्हीएमई (त्या मार्गावरील वेगवान फ्लॅश) डिस्क सेकंदाला सुमारे ७ गिगाबाइट वाचू शकते. १० गिगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १.२५ गिगाबाइट वाहून नेते आणि २५ गिगाबिटची ३.१ गिगाबाइट. याचा अर्थ अशी एकच डिस्क २५ गिगाबिटच्या दोन जोडण्या भरून टाकू शकते. साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) डिस्क काढून एनव्हीएमई बसवणे आणि स्विच मात्र जुना १० गिगाबिटचाच ठेवणे, हा म्हणूनच सर्वांत वाईट खर्चांपैकी एक आहे. लेटन्सी थोडी सुधारते, कारण साटाच्या एकाच रांगेत ३२ आज्ञा मावतात, तर एनव्हीएमईला हजारो रांगा उपलब्ध असतात. पण मोठ्या प्रमाणातील लेखन आणि बिघाडानंतरची पुनर्बांधणी यांचा गळा नेटवर्कशीच आवळला जातो. निधी मर्यादित असेल तर आधी २५ गिगाबिटचे स्विच आणि कार्डे, नंतर डिस्क, हा क्रम मी सुचवेन.

वाचनाच्या बाबतीत उत्पादनांमध्ये खरा फरक आहे. न्यूटॅनिक्स या व्यावसायिक हायपर-कन्व्हर्ज्ड सॉफ्टवेअरमध्ये मशीन ज्या नोडवर चालते तिथेच त्याच्या डेटाची एक प्रत ठेवण्याचा प्रयत्न असतो, त्यामुळे बरीचशी वाचने नेटवर्कवर येतच नाहीत. सेफ या मुक्त स्रोताच्या स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये डेटा कुठे जाईल हे क्रश नावाच्या गणनेने ठरते आणि वाचनही बहुधा दुसऱ्याच नोडवरून होते. मात्र लेखनाला दोन्हीकडे नेटवर्क ओलांडावेच लागते.

याच वाटेवर एक लहानशी दिसणारी गोष्ट फार महागात पडते. वीज गेल्यावर बफरमधील डेटा वाचवणारे कपॅसिटर नसलेल्या स्वस्त एसएसडी, विशेषतः सेफसारख्या व्यवस्थेत, प्रत्येक समकालिक लेखन प्रत्यक्ष फ्लॅशवर उतरेपर्यंत थांबतात आणि त्यांचा वेग माहितीपत्रकातील आकड्याच्या आसपासही जात नाही. डेटा सेंटरसाठी बनवलेली, हे संरक्षण असलेली आणि रोजच्या लेखनाच्या मानाने पुरेशी सहनशक्ती असलेली डिस्क घेणे, ही काटकसरीची जागा नव्हे.

क्षमतेचा हिशेब

६ नोड, प्रत्येकात ७.६८ टेराबाइटच्या ६ डिस्क, असा क्लस्टर धरू. एकूण कच्ची क्षमता २७६ टेराबाइट होते. एक नोड बंद पडल्यास त्याचा डेटा इतरांवर मावावा म्हणून एका नोडएवढी, म्हणजे ४६ टेराबाइट जागा राखून ठेवली, की हाती २३० उरतात. त्यातून वापरता येणारे किती, हे संरक्षणाच्या पद्धतीवर ठरते. इरेजर कोडिंगमध्ये पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि हरवलेला तुकडा परत काढता यावा म्हणून पॅरिटीचे तुकडे ठेवतात; ४+२ म्हणजे डेटाचे चार आणि पॅरिटीचे दोन.

| पद्धत | १ टेराबाइटसाठी लागणारी जागा | वापरता येणारे (टेराबाइट) |
|---|---|---|
| दोन प्रती | २ | ११५ |
| तीन प्रती | ३ | ७७ |
| इरेजर कोडिंग ४+१ | १.२५ | १८४ |
| इरेजर कोडिंग ४+२ | १.५ | १५४ |

तक्त्यात सरळ विजेता दिसतो, पण दोन बाबी त्यात दिसत नाहीत. पहिली अशी, की ४+२ साठी सहा वेगळे नोड लागतात. सहाच्याच क्लस्टरमध्ये एक नोड गेला तर दुसरा बिघाड सोसण्याची ताकद शिल्लक असते, परंतु हरवलेला सहावा तुकडा ठेवायला स्वतंत्र नोडच नसल्याने पूर्ण संरक्षण परत उभे राहत नाही, आणि राखून ठेवलेली जागा त्या कामी येत नाही. ४+२ खऱ्या अर्थाने वापरायचे तर सातवा नोड हवा. दुसरी बाब वेगाची. पारंपरिक पद्धतीत एक लहान लेखन करायचे, तर जुना डेटा व जुनी पॅरिटी वाचून नवे दोन्ही लिहावे लागतात. म्हणजे एका लेखनामागे एका पॅरिटीला चार आणि दोन पॅरिटींना सहा डिस्क-क्रिया.

ही किंमत प्रत्येक उत्पादन वेगळ्या रीतीने भरते, आणि तुलनेचा गाभा मला इथे दिसतो. व्हीएमवेअरच्या व्हीसॅन या स्टोरेज सॉफ्टवेअरची २०२२ मध्ये आलेली एक्स्प्रेस रचना आधी मिरर केलेल्या नोंदीत लेखन स्वीकारते आणि मग पूर्ण पट्टा (डेटा व पॅरिटीच्या सर्व तुकड्यांचा संच) एकदम लिहिते, त्यामुळे इरेजर कोडिंगचा दंड जवळपास टळतो. न्यूटॅनिक्स नवा डेटा प्रतींच्या रूपात ठेवते आणि तो बदलायचा थांबल्यावर पार्श्वभूमीवर कोडिंग करते. सतत बदलणाऱ्या डेटाला म्हणून त्यातून फारशी बचत होत नाही. सेफमध्ये लहान, विखुरलेली लेखने असलेल्या मशीनसाठी तीन प्रतीच ठेवाव्यात आणि इरेजर कोडिंग बॅकअप व संग्रहासाठी वापरावे, हे माझे मत आहे.

व्हीसॅनच्या जुन्या रचनेवर असणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की एक्स्प्रेस रचनेकडे जागच्या जागी जाता येत नाही. प्रमाणित एनव्हीएमई हार्डवेअर आणि डेटाचे स्थलांतर, दोन्ही लागतात. पुढची हार्डवेअर खरेदी होणारच असेल तर हा बदल तिच्याशीच जोडावा.

न विकत घेता होणारी कामे

बायॉसमधील वीजबचतीची मांडणी बदलून प्रोसेसर पूर्ण कार्यक्षमतेवर ठेवणे, स्टोरेजच्या नेटवर्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठ्या फ्रेम (डेटाची पाकिटे) चालू असल्याची खात्री करणे, जुने स्नॅपशॉट (मशीनच्या आधीच्या स्थितीच्या नोंदी) काढणे, ही कामे एखाद्या आठवड्याची आहेत. मशीनमधून पुसलेल्या फाइलींची जागा क्लस्टरला परत मिळते का, हेही तपासावे. व्हीसॅनच्या जुन्या रचनेत ही सोय मुद्दाम चालू करावी लागते आणि प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आभासी डिस्कवर तसा पर्याय निवडावा लागतो. आरडीएमए (प्रोसेसरला वगळून एका नोडच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेण्याची पद्धत) वापरत असाल आणि ते आरओसीई (इथरनेटवरील) प्रकारचे असेल, तर स्विचवरील प्रवाह-नियंत्रण चुकीचे असल्यास अधूनमधून येणारे, कारण न सापडणारे थांबे दिसतात.

नोड वाढवणे केव्हा शहाणपणाचे

प्रोसेसर, मेमरी आणि साठवण तिन्ही सारख्याच प्रमाणात भरत आले असतील, तर नवा नोड हाच सर्वांत सोपा आणि कमी जोखमीचा उपाय आहे. लहान क्लस्टरला याचा लाभ अधिक होतो, कारण राखीव भाग ४ नोडमध्ये २५ टक्के असतो तो पाचव्या नोडने २० वर येतो. आठाचे नऊ केल्यास मात्र साडेबारावरून ११ वरच येतो. नवा नोड जुन्यांपेक्षा बराच मोठा घेण्याचा मोह टाळावा. ४६ टेराबाइटच्या चार नोडमध्ये ९२ टेराबाइटचा एक आणला, तर तोच बंद पडेल या शक्यतेसाठी ९२ टेराबाइट राखावे लागतात, आणि घेतलेल्या जागेपैकी निम्मी वाढीव राखीव साठ्यातच संपते. प्रोसेसरच्या पिढ्या मिसळल्या की चालू मशीन हलवता यावे म्हणून नव्याची वैशिष्ट्ये जुन्याच्या पातळीवर झाकावी लागतात. इंटेल आणि एएमडी यांच्यात तर चालू मशीन हलवण्याचा विचारच सोडावा.

स्टोरेज वेगळे काढणे

साठवणीची गरज कॉम्प्युटच्या कितीतरी पट वेगाने वाढत असेल, किंवा डेटाबेसचा परवाना नोडच्या भौतिक कोरवर मोजला जात असेल, तर हा मार्ग पुढे येतो. हायपर-कन्व्हर्ज्ड नोडमध्ये स्टोरेजचे काम त्याच प्रोसेसरवर चालते. न्यूटॅनिक्समध्ये त्यासाठी प्रत्येक नोडवर स्वतंत्र नियंत्रक मशीन असते. सेफमध्ये प्रत्येक डिस्कमागे मूळ मांडणीप्रमाणे ४ गिबीबाइट मेमरीचे लक्ष्य धरले जाते. महाग डेटाबेस-परवाना भरलेले कोर असे स्टोरेजसाठी झिजत असतील, तर ती रक्कम वेगळ्या स्टोरेजचा खर्च भागवू शकते, आणि हा हिशेब फार कमी प्रस्तावांत मांडलेला असतो. एनव्हीएमई ओव्हर टीसीपीमुळे (एनव्हीएमईच्या आज्ञा नेटवर्कवरून पाठवण्याच्या पद्धतीमुळे) साध्या इथरनेटवरही चांगला वेग मिळतो. व्हीसॅन आणि न्यूटॅनिक्स या दोन्हींत केवळ साठवणीचा स्वतंत्र गट किंवा नोड ठेवता येत असल्याने पूर्णपणे वेगळे उपकरण घेणेही अनिवार्य राहिलेले नाही. मात्र दोन स्वतंत्र अद्ययावतीकरणे आणि दोन प्रकारचे कौशल्य सांभाळावे लागते. तीन नोडच्या शाखेसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

सॉफ्टवेअर बदलण्याचा हिशेब

इथे परवान्याचे एकक पाहावे. व्हीएमवेअरमध्ये प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोर मोजले जातात, त्यामुळे ८ कोरच्या प्रोसेसरला १६ चे पैसे पडतात. विंडोज सर्व्हर डेटासेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोर धरतात. स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट हे मायक्रोसॉफ्टचे हायपर-कन्व्हर्ज्ड स्टोरेज त्यातच मिळते आणि ते १६ नोडपर्यंत जाते. विंडोजची मशीन बहुसंख्य असतील, तर तो परवाना बहुधा आधीच भरलेला असतो, म्हणून हा पर्याय दिसतो त्याहून स्वस्त ठरू शकतो. प्रॉक्समॉक्स मुक्त स्रोताचे आहे आणि त्याची सहाय्य-वर्गणी कोरवर नव्हे तर प्रोसेसरच्या सॉकेटवर आहे. अधिक कोरचे मोजके प्रोसेसर घेणाऱ्याला ते सोयीचे. पण त्याच्या जोडीला बसवलेला, तीन नोड आणि तीन प्रती असलेला सेफ क्लस्टर एक नोड गेल्यावर चालू राहतो, स्वतः दुरुस्त मात्र होत नाही, म्हणून चौथ्या नोडचा खर्च सुरुवातीपासून धरावा. बॅकअपचे साधन, ड्रायव्हर, मशीनचे रूपांतर आणि रात्री तीन वाजता बिघाड हाताळणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण यांना प्रस्तावात स्वतंत्र ओळ द्यावी.

मार्ग कोणताही निवडला, तरी खरेदीच्या आधी विक्रेत्याकडून एकच चाचणी आग्रहाने करून घ्यावी: नेहमीच्या भाराखाली एक नोड अचानक बंद करून पाहावा. ४६ टेराबाइटच्या नोडवर ३२ टेराबाइट डेटा असेल आणि पुनर्बांधणी सेकंदाला १ गिगाबाइटने होत असेल, तर जवळपास नऊ तास लागतात. त्या नऊ तासांत ९९ व्या शतमानाची लेखन-लेटन्सी किती राहिली, हा आकडा करारात लिहून घ्यावा.