युरोपचं तिकीट खरं होतं, तरी गाडीत चढता आलं नाही

जोडीने युरोपला जायचं ठरवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ज्यांना ग्रुपच्या बसमधून फिरायचं नाही, चार-पाच शहरं आपापल्या वेळेने ट्रेनने आणि मधे एखाद्या विमानाने करायची आहेत आणि त्यासाठी ओळखीतला छोटा एजंट गाठायचा विचार चालू आहे, त्यांनी तर हे जरूर वाचावं. आम्हाला खोटी तिकिटं दिली गेली नव्हती. तिकिटं खरी होती, हॉटेलची बुकिंगं खरी होती आणि आम्ही ती तपासूनही घेतली होती. तरीही पॅरिसच्या स्टेशनवर आम्ही चौघं बॅगा घेऊन गेटच्या अलीकडे उभे राहिलो. 'तिकीट चेक करून घ्या' एवढ्या सल्ल्याने यातून सुटका होत नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ. आम्ही बोरिवलीला, ते ठाण्याला. दीर-जावेच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, त्यानिमित्ताने २०२५ च्या मे महिन्यात जायचं ठरलं. एजंट दिरांच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा. त्या माणसाची थायलंडची ट्रिप याने व्यवस्थित करून दिली होती. पश्चिम उपनगरात स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर गाळा, दारात तोरण, आत दोन मुली कॉम्प्युटरवर. "ताई, मोठ्या कंपन्या तुम्हाला मेंढरासारखं फिरवतात. आपल्या माणसाला धंदा द्या, मी तुमच्यासाठी घरच्यासारखं करतो," असं तो म्हणाला. त्याला विषय माहीत होता हे मला आजही मान्य करावंच लागेल.

त्याने आखलेला मार्ग चांगला होता. मुंबईहून पॅरिसला उतरायचं आणि परत यायचं ते प्रागहून, म्हणजे शेवटी उलट पॅरिस गाठण्यात दिवस आणि पैसे जात नाहीत. पॅरिस ते झुरिक वेगवान गाडीने साधारण चार तास, तिथून इंटरलाकेन. इंटरलाकेनहून स्पीझला गाडी बदलून मिलान, पुढे व्हेनिस, आणि व्हेनिस ते रोम पुन्हा चारेक तासांची ट्रेन. रोम ते प्राग मात्र विमान, कारण रेल्वेने तो पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. ट्रेन शहराच्या मध्यातून निघते आणि मध्यात सोडते, विमानतळाची जा-ये वाचते, हे तो नकाशावर बोट ठेवून समजावत होता. एका जोडप्याचे पावणेपाच लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी आणि तेव्हाच्या नियमाने ५ टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन आपल्या पॅनवर सरकारकडे जमा करायचा आयकर.

दोन गोष्टी तेव्हाच खटकल्या होत्या. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या इटलीत जास्त रात्री होत्या. हा म्हणाला, फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते, कागदावर पॅरिसच्या रात्री वाढवून दाखवू. नवऱ्याने स्पष्ट नकार दिला, कारण अर्जावर सही आमची असते आणि खोटं निघालं तर पासपोर्टला डाग लागतो तो आमच्या. दुसरी गोष्ट म्हणजे 'व्हिसा गॅरंटी फी'. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा, आणि निर्णय वकिलातीचा असतो. गॅरंटी कुणी देऊच शकत नाही. ही फी कुणी मागितली तर तिथेच सावध व्हा.

तिकिटं आणि हॉटेलची बुकिंगं फेब्रुवारीत पीडीएफमध्ये आली. त्याच रात्री नवऱ्याने फ्रेंच रेल्वेच्या साइटवर सहा अक्षरी नंबर आणि आडनाव टाकलं. गाडी दिसली, डबा दिसला, चौघांच्या सीट दिसल्या. दिरांनी इंटरलाकेनच्या हॉटेलला मेल केला, तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की हो, दोन खोल्या तुमच्या नावावर आहेत, आम्ही वाट पाहतो. विमानाच्या तिकिटावर तेरा आकडी ई-तिकीट नंबरही होता. हा नंबर पाहायलाच हवा, कारण नुसता पीएनआर जागा 'होल्ड'वर ठेवूनही मिळतो. आमच्या कागदांत चूक काढायला जागाच नव्हती. एप्रिलमध्ये व्हिसा आला, पासपोर्ट हातात पडले, आणि ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी शेवटचा हप्ता गेला. हा हप्ता तो बायकोच्या खात्यावर यूपीआयने मागत होता, 'करंट अकाउंटला लिमिट आलंय' म्हणून. आम्ही फर्मच्याच खात्यावर भरला, आणि दिरांनी त्यांचा हिस्सा क्रेडिट कार्डाने दिला. ते पुढे किती उपयोगी पडणार होतं ते तेव्हा कुणाला माहीत!

पॅरिसचे दिवस छान गेले. झुरिकची गाडी गार द ल्यों स्टेशनवरून सुटते. प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी काचेची दारं असतात, तिकिटावरचा क्यूआर दाखवला की उघडतात. माझा मोबाइल धरला, लाल दिवा. जावेने धरला, लाल दिवा. मागे रांग लागलेली, एक बाई बाळाची गाडी घेऊन आमच्यामागे खोळंबलेली. रेल्वेचा माणूस आला, त्याने आपल्या हातातल्या यंत्रावर नंबर टाकला, पुन्हा टाकला, आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, हे तिकीट रद्द झालंय, पैसे परत दिलेत. मी म्हटलं, आम्ही रद्द केलं नाही. त्याने तारखेवर बोट ठेवलं. शेवटचा हप्ता भरला त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती.

आमच्या डोळ्यांदेखत गाडी गेली. पुढच्या गाडीची तिकिटं खिडकीवर काढली, माणशी दीडशे युरोच्या वर. एजंटला फोन लावला तर, "ताई, सिस्टीमचा एरर असेल, तुम्ही तिकिटं काढा, मी इथे आल्यावर ॲडजस्ट करतो." रात्री इंटरलाकेनला पोचलो, तर हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने तोच प्रकार दाखवला. बुकिंग 'पाहुण्याने रद्द केलं', तारीख तीच. गावात शनिवारची गर्दी, त्या हॉटेलात खोली शिल्लक नव्हती. शेवटी अर्ध्या तासावरच्या थूनमध्ये दोन खोल्या मिळाल्या, दुपटीने. जाऊ ट्रेनमध्ये बसून रडत होती. ज्या प्रवासाची तिने वर्षभर वाट पाहिली त्याची ही रात्र. मला त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग आला तो तेव्हा.

इतक्यात एजंटचा फोन बंद झाला, व्हॉट्सॲपवर एकच टिक यायला लागली. मग आम्ही बसून पुढचं एकेक बुकिंग तपासलं आणि त्याची पद्धत लख्ख दिसली. जे तिकीट परत करून पैसे मिळत नाहीत, तेवढंच शाबूत होतं. मुंबई-पॅरिस आणि प्राग-मुंबई विमान शाबूत, कारण ते नॉन-रिफंडेबल. रोम-प्रागचं स्वस्त विमानही शाबूत. पॅरिसचं हॉटेल शाबूत, कारण तिथे त्याने आधी पैसे भरून सवलत घेतली होती. बाकी जे जे फ्री कॅन्सलेशनचं किंवा रद्द केल्यावर पैसे परत मिळणाऱ्या दराचं होतं, म्हणजे झुरिकची गाडी, इंटरलाकेन, व्हेनिस, रोमची गाडी, प्राग, ते सगळं त्याने आमचा व्हिसा होईपर्यंत ठेवलं आणि शेवटचा हप्ता मिळताच रद्द करून पैसे आपल्या कार्डावर परत घेतले. बुकिंगवर नावं आमची, पण ईमेल त्याचा आणि कार्ड त्याचं. रद्द झाल्याचा मेल त्याला गेला, पैसे त्याला गेले. आमच्या मोबाइलमधला पीडीएफ मात्र होता तसाच दिसत होता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की बुकिंगवर ईमेल कुणाचा आहे हे पहिलं पाहा. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, तिन्हीकडच्या रेल्वेच्या साइट इंग्रजीत आहेत, खातं आपल्या मेलवर उघडता येतं, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं आपलं कार्ड चालतं. एजंट हवा असेल तर जरूर घ्या, मार्ग आखायचे, व्हिसाची फाइल लावायचे पैसे त्याला द्या. पण तिकीट निघायला हवं ते तुमच्या खात्यातून. तो 'आमच्या कॉर्पोरेट लॉगिनवरूनच स्वस्त पडतं' म्हणाला आणि तुम्हाला तेच घ्यायचं असेल, तर निदान पैसे परत न मिळणाऱ्या दराचं घ्या आणि तेच तिकीट पुन्हा पुन्हा तपासा. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी, दिल्यावर दोन दिवसांनी, निघायच्या आठवड्यात. हॉटेलला थेट मेल करून सांगा की आमच्या लेखी होकाराशिवाय बुकिंग रद्द करू नका. सगळी हॉटेलं ऐकतीलच असं नाही, पण निदान तुम्हाला कळवतील.

रेल्वेने फिरायच्या पासबद्दलही सांगते, कारण त्यात अर्धवट खरं बोलून गंडवणं फार सोपं असतं. "एकदा युरेल पास घेतला की कुठेही चढा, कुठेही उतरा," हे आम्हालाही ऐकवलं होतं. पॅरिसहून सुटणाऱ्या वेगवान गाड्यांना आणि इटलीतल्या फ्रेचारोसासारख्या गाड्यांना पास असूनही सीटचं वेगळं आरक्षण लागतं, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि पॅरिसच्या गाड्यांत पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात. स्वित्झर्लंडच्या स्विस ट्रॅव्हल पासवर युंगफ्राउयोख, म्हणजे इंटरलाकेनजवळचं बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन, फुकट नाही. पास खालच्या वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्ड गावापर्यंत चालतो, तिथून वर २५ टक्के सवलत. आमच्या कोटेशनमध्ये 'युंगफ्राउ इन्क्लुडेड' लिहिलं होतं आणि वरच्या तिकिटाचा पत्ताच नव्हता. रोम-प्रागच्या विमानातही वीस किलोची बॅग लिहून दिली होती, प्रत्यक्षात सीटखाली मावेल एवढ्याच पिशवीचं तिकीट. ऑनलाइन चेक-इनचा कोड त्याच्या ईमेलवर जात होता, म्हणून विमानतळावर चेक-इनचे वेगळे पैसे आणि बॅगांचे वेगळे पैसे मोजावे लागले.

परक्या देशात असतानाच एक काम केलं, ते तुम्हीही करा. प्रत्येक हॉटेलकडून आणि रेल्वेच्या खिडकीवरून लेखी घेतलं की बुकिंग कधी रद्द झालं आणि पैसे कुठे गेले. इंटरलाकेनच्या त्या मुलीने स्वतःहून पत्रावर शिक्का मारून दिला, रद्द करणाऱ्याचा ईमेल त्यात नमूद केला. नवी तिकिटं, नव्या खोल्या, सगळ्याच्या पावत्या जपून आणल्या.

मुंबईत आल्यावर गाळ्याला कुलूप आणि दारात आमच्यासारखीच दोन जोडपी. पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन दावा लावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर फीही लागत नाही. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे वेळ फार मोलाची असते.

दिरांनी कार्डाच्या बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराला हरकत, टाकला, हॉटेलची पत्रं जोडली, आणि त्यांचा शेवटचा हप्ता परत आला. आमचा चेकने गेलेला आला नाही. आयकराच्या साइटवर आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा फॉर्म २६एएस उघडला तर आमच्या पॅनवर टीसीएसचा एक पैसाही जमा नाही. म्हणजे आमच्याकडून घेतलेला कर सरकारकडे गेलाच नाही. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकला तर नोंदणी रद्द, आणि तीही आम्ही पहिला हप्ता भरायच्या आधीपासून. पंधरा आकडी-अक्षरी नंबर टाकून हे कुणालाही मिनिटभरात, फुकट पाहता येतं. ॲडव्हान्स देण्याच्या आधी पाहा. टीसीएसची ही नोंद लगेच दिसत नाही, कारण जमा झालेला कर एजंटच्या तिमाही विवरणपत्रानंतर दिसतो. म्हणून एजंटकडून टीसीएसचं प्रमाणपत्र (आमच्या वेळी तो फॉर्म २७डी होता) मागून ठेवा.

आयोगाने त्याला नोटीस काढली, पत्त्यावर कुणी नाही म्हणून ती परत आली. वकिलांनी त्याच्या घरच्या पत्त्यावर पुन्हा पाठवली आहे. दारात भेटलेल्या दोन जोडप्यांपैकी एकाने आपला वेगळा दावा लावला आहे, दुसरं जोडपं 'आता कशाला डोक्याला ताप' म्हणून थांबलंय. त्यांच्याकडे हॉटेलचं रद्द झाल्याचं पत्र नाही, पण मेल करून ते आजही मागवता येईल, हे मी त्यांना परवाच फोन करून सांगितलं.