आठशे रुपयांचा लेख

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला पेशवाईतल्या जकातीवर वाचायचं वेड लागलं. लेख सापडायचे, पण पहिलं पान संपतंय तोच पुढचं वाचायला डॉलर भरा! विद्यापीठाचा मी ना विद्यार्थी, ना प्राध्यापक.

इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने टाकलं होतं, 'कुठलाही रिसर्च पेपर मिळवून देतो.' भांडारकर संस्थेच्या 'अ‍ॅनल्स' या संशोधन-नियतकालिकातला एक जुना लेख मागितला. "काका, परदेशातून मागवावा लागतो. दोन दिवस लागतील, आठशे होतील." यूपीआय केलं. तिसऱ्या दिवशी पीडीएफ हजर. मी खूश.

मग खरा गळ पडला. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये तुमचं नाव घालतो, साडेतीन हजार द्या, वर्षभर तेरा हजार जर्नल्स वाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने योजना मंजूर केल्याची, तीन वर्षांना ६,००० कोटी दिल्याची बातमी मी पेपरात वाचली होती, म्हणून शंकाच आली नाही. वाचली होती, पण बँकवाल्याने वाचावी तशी नाही. ती आहे सुमारे ६,३०० सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. तिथले विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक वापरतात. माझ्यासारख्याचं नाव पैसे घेऊन कोण घालणार? लॉगिन आलं ते कुणा विद्यार्थ्याच्या नावाचं. नवव्या दिवशी पासवर्ड चालेना. फोन उचलेना. मग ब्लॉक.

चिडून ती जुनी पीडीएफ उघडली. वरचं पान त्याने काढून टाकलं होतं, पण प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक इंग्रजी ओळ राहिली होती : कधी उतरवलं, तारीख, वेळ, आणि जेस्टोर या ऑनलाइन जर्नल-संग्रहाच्या अटी. वेळ युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. साडेपाच तास मिळवले आणि यूपीआयचा मेसेज शेजारी धरला. पैसे गेल्यावर बाराव्या मिनिटाला लेख त्याच्याकडे होता! पुढचे दोन दिवस 'परदेशातून' येत होता म्हणे.

भाच्याने दाखवलं ते पाहून तर डोक्याला हात लावला. जेस्टोरवर स्वतःचं खातं फुकट उघडता येतं आणि तीस दिवसांत शंभर लेख स्क्रीनवर वाचता येतात. उतरवता येत नाहीत, एवढंच. भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर खुले आहेत. काहीच नाही मिळालं तर लेखकाला सरळ मेल टाकायचा. मी एकाला टाकला, दुसऱ्या दिवशी लेख आला, वर 'जकातीचं काय वाचताय?' अशी चौकशीही. आणि 'अ‍ॅनल्स' निघतं कुठून? पुण्यातल्याच लॉ कॉलेज रोडवरून. कोथरूडहून रिक्षाने पंधरा मिनिटं.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "वस्तू कोणती घेतली होती?" शोधनिबंध, म्हटलं. तीनदा सांगितलं. शेवटी त्यांनी 'पुस्तक' असं लिहून घेतलं.