९७ मिनिटांचा सिनेमा ९३ मिनिटांत

‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) हा सिनेमा ९७ मिनिटांचा आहे. माझ्याकडे आलेली डिस्क ९३ मिनिटांत संपली, आणि मधला एकही प्रसंग गळलेला नव्हता. सिनेमा जवळजवळ पाठ असल्यामुळे तेवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. शिवाय नायक रॉबर्ट मिचमचा तो जाड, झोपाळू आवाज त्या रात्री जरासा वर चढल्यासारखा वाटत होता. पहिला अर्धा तास मी स्पीकरलाच दोष देत बसलो होतो.

स्पीकर बिचारा ठणठणीत होता. मला ३४,००० रुपयांचा गंडा बसला होता आणि तो कळायला पाच महिने लागले होते. हे लिहितानाही कान गरम होतात, कारण मी ३१ वर्षं बँकेत काढली आणि त्यातली निम्मी लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेली.

हा नाद मला लागला तो पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म आर्काइव्हमध्ये. १९४० आणि ५०च्या दशकांतले अमेरिकी कृष्णधवल गुन्हेपट, ज्यांना फ्रेंच समीक्षकांनी ‘न्वार’, म्हणजे काळे, असं नाव दिलं. पट्ट्यापट्ट्यांचे पडदे, ओले रस्ते, अर्धा चेहरा अंधारात. हे सिनेमे सावलीवर उभे असतात, म्हणून चांगली प्रत लागते. वाईट प्रतीत रंगीत सिनेमा फिकट दिसतो, पण न्वार मुळी दिसतच नाही. आपल्याकडच्या दुकानांत या डिस्क कधी फारशा आल्या नाहीत. त्यामुळे माझी पद्धत ठरलेली: अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून घ्यायचं, पार्सल न्यू जर्सीला भाचीकडे जायचं, आणि ती दिवाळीला येताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणायची. डीव्हीडी प्लेअर सगळ्या रीजनचा, म्हणजे कुठल्याही देशातली डिस्क चालवणारा आहे. ही पद्धत दहा वर्षं विनातक्रार चालली. त्याच पद्धतीचा मला फसवणाऱ्या माणसाने फायदा घेतला.

तो मला एका मोठ्या खरेदी-विक्रीच्या साइटवर भेटला. पहिल्यांदा दोन डिस्क घेतल्या, अस्सल निघाल्या. मग एक, तीही अस्सल. हळूहळू निरोपांची देवाणघेवाण वाढली. त्याने लिहिलं की हा संग्रह त्याच्या वारलेल्या अंकलचा आहे (काका की मामा, कोण जाणे) आणि तो जाणकार माणसाच्या हाती जावा अशी घरच्यांची इच्छा आहे. जाणकार! हा शब्द वाचून मी जो फुललो, तो फुललेलाच राहिलो. एकदा त्याने छायालेखक जॉन आल्टनच्या प्रकाशयोजनेबद्दल दोन सुंदर परिच्छेद पाठवले. ते मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. पुढे तेच परिच्छेद मला दुसऱ्याच कुणाच्या लेखात स्वल्पविरामासकट सापडले, पण ते फार नंतर.

आता लक्षात येतं की त्याचे काही प्रश्न नुसत्या गप्पा नव्हत्या. पुण्याला पार्सल थेट का मागवत नाही? भाची किती महिन्यांनी येते? तिला या सिनेमांची आवड आहे का? मी सगळं सांगितलं. तिला अजिबात आवड नाही, ती खोकं उघडूनही बघत नाही, तसंच कपाटात ठेवते, हेसुद्धा मीच सांगितलं. वर एक हसरा चेहरा टाकला.

मे महिन्यात त्याने संपूर्ण लॉट काढला. २२ डिस्क, ४१० डॉलर, सुटं विकणार नाही. त्यात २००४ साली निघालेला वॉर्नर स्टुडिओचा पहिला न्वार संच होता: ‘मर्डर, माय स्वीट’, ‘आउट ऑफ द पास्ट’, ‘द सेट-अप’, ‘गन क्रेझी’ आणि ‘द अस्फाल्ट जंगल’. या पाचांतली एक डिस्क मला हवीच होती. ‘द सेट-अप’वर त्याचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ आणि पुढच्या पिढीतला दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांचं भाष्य आहे, सिनेमा चालू असताना ऐकायचं. ते मला एकदा ऐकायचं होतं. पुढचं त्याने अगदी हळुवार मांडलं: साइट फार कमिशन कापते, त्यापेक्षा आपण थेट व्यवहार करू, भाचीने फोनवरच्या ॲपमधून ‘ओळखीच्या माणसाला’ म्हणून पैसे पाठवले की झालं. भाचीने विचारलं होतं, “मामा, नक्की ना?” मी म्हटलं, “अगं, चांगला माणूस आहे.”

पैसे गेले. पार्सलही आलं, तेही वेळेवर, नीट बांधलेलं. म्हणून तर संशय आला नाही. साइटवर घेतलं असतं तर ३० दिवसांत परत करता आलं असतं. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे दाद मागता आली असती. ओळखीच्या माणसाला स्वखुशीने पाठवलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. खोकं मेपासून दिवाळीपर्यंत न्यू जर्सीच्या कपाटात बंद राहिलं. एवढ्या काळात त्याला पळून जायचीसुद्धा गरज पडली नाही.

आता त्या ९३ मिनिटांचा हिशेब. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चित्रित होतो. युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तोच सिनेमा २५ चौकटींनी पळवतात, म्हणून तो चार टक्क्यांनी लवकर संपतो आणि आवाज किंचित चढतो. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीच्या डिस्कवर असं होत नाही. ९७ ला २४ ने गुणा, २५ ने भागा: ९३. म्हणजे ‘अमेरिकेतली पहिली आवृत्ती’ म्हणून घेतलेला माल कुठल्यातरी युरोपी डिस्कवरून उतरवलेला होता. हे गणित मी रात्री पाऊण वाजता वर्तमानपत्राच्या समासात केलं.

सकाळी उन्हात गॅलरीत डिस्क उलटी धरली. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची पाठ चंदेरी असते, दोन थरांची असेल तर थोडी सोनेरी. ही जांभळी होती. नीट बघितलं तर जांभळ्यातही दोन छटा: आतून बाहेर जिथवर लिहिलं होतं तिथवर गडद, उरलेला काठ फिका. अस्सल डिस्कच्या मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर त्या डिस्कचा क्रमांक आणि कारखान्याचा बारीक कोड असतो. इथे फक्त कोऱ्या डिस्कच्या उत्पादकाचा नंबर होता. नुसता जांभळा रंग मात्र पुरावा मानू नका. वॉर्नरनेच २००९मध्ये आर्काइव्ह नावाची शाखा काढून, मागणी येईल तशा बर्न केलेल्या डिस्क अधिकृतपणे विकायला सुरुवात केली होती. पण २००४चा दुकानी संच जांभळा असण्याचं काही कारण नाही.

मग एकेक करत सगळ्या काढल्या. खोक्याच्या वरच्या थरातल्या ३ अस्सल होत्या, न जाणो भाचीने चुकून उघडलंच तर. खालच्या १९ घरगुती. कॉम्प्युटरमध्ये घातल्या तर एकही ४.७ जीबीच्या वर नाही. बाजारातल्या डीव्हीडी बहुतेक दोन थरांच्या, ८.५ जीबीपर्यंतच्या असतात. मुखपृष्ठ भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, म्हणजे स्कॅन करून छापलेलं. प्लास्टिकचं वेष्टन जरा सैल, कोपऱ्यात हेअर ड्रायरने आवळल्यासारखं. ‘द बिग कॉम्बो’चा (१९५५) शेवट लावून बघितला. विमानतळाच्या हँगरमध्ये धुकं, एक दिवा, आणि दोन काळ्या आकृत्या, आल्टनचं काम. माझ्या प्रतीत त्या धुक्याचे चौकोनी तुकडे पडले होते, बाथरूमच्या टाइल्ससारखे.

‘द सेट-अप’ मुद्दाम शेवटी लावला. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबलं. एकच ट्रॅक. परत दाबलं. एकच. पैशांचं दुःख होतंच, पण घशाशी काही आलं असेल तर ते तेव्हा.

त्याला लिहिलं. पहिलं उत्तर: तुमचा प्लेअर जुना असेल. फोटो पाठवले, तेव्हा सूर बदलला: या जुन्या सिनेमांवर कुणाचाच हक्क उरलेला नाही, कुणीही प्रत काढू शकतं, मी कायद्याबाहेर काही केलेलं नाही. हे अर्धसत्य तुमच्याही तोंडावर फेकलं जाईल, म्हणून जरा थांबतो. अमेरिकेच्या जुन्या कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि त्यानंतर त्याचं नूतनीकरण करावं लागे. ‘डीटूर’, ‘स्कार्लेट स्ट्रीट’, ‘डी.ओ.ए.’, ‘द हिच-हायकर’ अशा सिनेमांचं ते झालं नाही आणि ते खरोखरच सार्वजनिक झाले. त्यांचे झिजलेल्या प्रिंटवरून काढलेले स्वस्त संच बाजारात आहेत. ते मी फसवणुकीत धरत नाही. पाव किलोच्या भावात घेतलेल्या आंब्यांकडून देवगडची अपेक्षा कुणी करू नये. पण सिनेमा मोकळा झाला म्हणून त्याच्या मेहनतीने दुरुस्त केलेल्या आवृत्तीचं भाष्य, पुस्तिका, मुखपृष्ठ मोकळं होत नाही. ‘डीटूर’च्या अलीकडच्या जीर्णोद्धारासाठी बेल्जियमच्या आर्काइव्हमधल्या प्रिंटपर्यंत जावं लागलं, ते श्रम काही फुकटचे नाहीत. आणि ‘आउट ऑफ द पास्ट’चा हक्क तर शाबूत आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे, त्याने मला प्रत विकतो आहे असं सांगितलंच नव्हतं, अंकलचा संग्रह म्हणून विकली होती. एवढं लिहून पाठवलं, तर खातंच गायब.

बायकोला आठवडाभर सांगितलं नाही. सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, “विश्वास पानिपतातच गेला होता ना?” आणि चहा टाकायला उठली. भाचीने तिकडे एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राच्या साइटवर तक्रार नोंदवली. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर आपल्याकडे १९३० हा क्रमांक आहे, आणि तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे अडवले जाण्याची शक्यता बरी असते. आमचे काही तास मे महिन्यातच सरले होते. मी ती रक्कम अक्कलखाती टाकली.

तिथेच सोडलं असतं. पण मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका संग्राहकाने मला एक फोटो पाठवला: लाकडी फडताळ, डिस्कच्या रांगा, कडेला टवका उडालेली निळी फुलदाणी. “एका गृहस्थाच्या आजोबांचा संग्रह आहे, घेऊ का?” अंकलचे आजोबा झाले होते, फुलदाणी मात्र मला पाठवलेल्या फोटोतलीच होती. त्या संग्राहकाला लगेच फोन केला. त्याचे पैसे गेले नव्हते. तुमच्याकडेही ती फुलदाणी आली, तर तिला ओळख दाखवू नका.

माझी खरेदी थांबलेली नाही. ती सवय जायची नाही. पार्सल आलं की भाची त्याच दिवशी उघडते आणि कॅमेरा लावते. परवा इथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तिने ‘द सेट-अप’ची डिस्क खिडकीच्या उजेडात तिरकी धरली.

“मामा, चंदेरी आहे. मधल्या कड्यावर बारीक काहीतरी लिहिलंय.”

“वाच.”

तिने एकेक अक्षर वाचलं, मी वहीत उतरवून घेतलं, आणि मग तिला म्हटलं, आता ती तुझ्या प्लेअरमध्ये घाल, ऑडिओचं बटण दोनदा दाब आणि फोन टीव्हीजवळ ने.