भंवरकुआंची क्रिमिनल लॉ बॅच: पाचपैकी चार स्टार

सिव्हिल जजची तयारी करणाऱ्या इंदूरच्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी लिहितेय, भंवरकुआंला मेन रोडच्या मागे वरच्या मजल्यावर क्रिमिनल लॉची संध्याकाळची बॅच चालते ती नक्की करा. सर गाईडला हात लावू देत नाहीत, बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, उघडूनच शिकवतात, आणि मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

राँगफुल रिस्ट्रेंट आणि राँगफुल कन्फाइनमेंटचंच बघा ना, हिंदीत सदोष अवरोध आणि सदोष परिरोध, घोकून घोकून दोन्ही एकच वाटायला लागतात. सरांनी सराफ्याची गल्ली घेतली. पुढे जायचा तुमचा हक्क आहे आणि कोणी वाट अडवली, पण मागे फिरून राजवाड्याकडे निघून जाता येतं, तर ते रिस्ट्रेंट, बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 126. चारी बाजूंनी अशी हद्द घातली की तिच्याबाहेर पडताच येत नाही, तर कन्फाइनमेंट, 127. आणि कुलूप पाहिजेच असं नाही हं, कलमातच उदाहरण आहे की इमारतीच्या दारांवर बंदूकवाले उभे केले आणि बाहेर निघालास तर गोळी घालतील असं सांगितलं, झालं कन्फाइनमेंट. रिस्ट्रेंटला 1 महिन्यापर्यंत साधी कैद, कन्फाइनमेंटला 1 वर्षापर्यंत कैद, आणि 10 दिवस किंवा जास्त डांबून ठेवलं तर 5 वर्षांपर्यंत.

हे दोन्ही गुन्हे झाले, सॉलिटरी कन्फाइनमेंट म्हणजे एकांतात कोंडणं ही मात्र शिक्षा आहे, बीएनएस कलम 11 आणि 12, एकूण 3 महिन्यांच्या वर नाही आणि एका वेळी 14 दिवसांच्या वर नाही. इथे सरांनी सुप्रीम कोर्टाची 1978 ची सुनील बत्रा केस इतकी मन लावून शिकवली की पूर्ण क्लास गप्प होता. माणसाला फाशी सुनावली म्हणून जेलवाल्यांनी आपल्या मर्जीने त्याला एकांतात कोंडायचं नाही, ती शिक्षा द्यायचा अधिकार कोर्टाचा. कायदा शिकायचा तर असा शिकावा, खरंच.

एक स्टार कापला तो छापील नोट्ससाठी. बीएनएस 1 जुलै 2024 पासून लागू आहे तरी त्यात अजून आयपीसीचं, म्हणजे जुन्या दंड संहितेचं, 339, 340 च छापलंय, जुन्या केसेससाठी ते नंबर लागतात हे मान्य, पण नवीन नंबर शेजारी द्यायला काय हरकत आहे? गर्दीही फार होते, मागच्या बाकांवर आवाज नीट येत नाही. डेमो फुकट आहे, आधी तो करा आणि लवकर जाऊन पुढची जागा धरा.