रीफ टँक सुरू करताय? लाईटच्या आधी आरओ-डीआय युनिट घ्या (वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू)

रीफ टँक, म्हणजे कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू करणाऱ्या नवीन माणसाचे प्रश्न ठरलेले असतात, लाईट कुठली घेऊ आणि क्लाऊनफिश कितीला पडतो. पाण्याचं कोणी विचारतच नाही, आणि अर्धे टँक तिथेच बसतात. म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम आरओ-डीआय युनिटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेलं जवळजवळ सगळं काढून टाकणाऱ्या फिल्टरचा.

माझं युनिट पुण्यातच असेंबल करून घेतलेलं आहे, ब्रँड वगैरे काही नाही. सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) आरओ मेम्ब्रेन, शेवटी उरलेले क्षार पकडणारं डीआय रेझिन आणि सोबत प्रेशर वाढवणारा बूस्टर पंप. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर भिंतीला ठोकलंय, जागा फार खात नाही.

आता घरात प्यायच्या पाण्याचा आरओ आहेच की, मग हे वेगळं कशाला, असं घरचे विचारणारच. तर प्यायच्या आरओमध्ये चव यावी म्हणून बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं नाहीतर मिनरलची कार्ट्रिज असते, त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५०-१०० राहतो. आपल्याला प्यायला ते उत्तम, पण टँकमधून रोज फक्त पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं, आपण परत तेच पाणी वरून टाकतो, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट साचतच जाणार. सिलिकेटमुळे वाळूवर तो तपकिरी थर येतो, फॉस्फेट-नायट्रेटमुळे हिरवी केसाळ अल्गी, आणि पाइपमधून थोडं जरी तांबं आलं तरी श्रिंप आणि गोगलगायी आधी मरतात. २० लिटरच्या जारचंही तेच, त्यातही मिनरल असतातच.

आमच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं पाणी मिक्स येतं. आत येताना टीडीएस ३८०, मेम्ब्रेननंतर ११-१२ आणि डीआयनंतर शून्य, आणि शून्य म्हणजे खरंच शून्य, मीटर हलतच नाही. माझ्यासाठी तरी पैसे इथेच वसूल झाले. सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसलं, चांगल्या लाईटपेक्षा कितीतरी कमी. पाचपैकी साडेचार देईन.

बूस्टर पंप मात्र वगळू नका. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला साधारण २८४ लिटर, पण ते ६० पीएसआयच्या आसपास प्रेशर असेल तर. गच्चीतल्या टाकीपासून तुम्ही एक मजला खाली असाल तर जेमतेम ४-५ पीएसआय मिळतं, त्यात मेम्ब्रेन नुसताच ठिबकत बसतो. पंप लावल्यावर २० लिटरचा कॅन पावणेदोन तासांत भरतो, आवाज येतो पण दार लावलं की चालतं.

अर्धा मार्क कापला तो डीआयच्या नळकांड्यासाठी. आलं तेव्हा रेझिन सैल भरलेलं होतं आणि नळकांडं आडवं लावायची क्लिप दिली होती, अशाने पाणी वरच्या मोकळ्या जागेतून सरळ निघून जातं आणि खालचं रेझिन कोरंच राहतं. मी उघडून दाबून भरलं, उभं लावलं आणि पाणी खालून आत येईल अशी जोडणी केली. रंग बदलणारं रेझिन मागा, संपत आलेलं डोळ्याला दिसतं. ते संपायला लागलं की पकडलेलं सिलिकेट आधी सोडतं, तेव्हा मीटरवर १ दिसला की बदलायचंच, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की टीडीएस वाढतो आणि रेझिन भराभर संपतं, एक्स्ट्रा पाकीट घरात असू द्या.

अजून एक, मेम्ब्रेन आणि डीआयच्या मधे एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह बसवून घ्या. युनिट चालू केल्यावर पहिली काही मिनिटं मेम्ब्रेनमधून जास्त टीडीएसचं पाणी येतं, ते तिथूनच बाहेर काढलं की रेझिन बरंच जास्त टिकतं. वेस्टचं पाणी भरपूर निघतं, एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर धरा, आमच्याकडे ते फरशी पुसायला आणि फ्लशला जातं.

मीठ याच पाण्यात, वेगळ्या बादलीत पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून कालवायचं, लिटरला ३५ ते ३९ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचा मीटर) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या, सोल्युशनने कॅलिब्रेट करा, नुसत्या आरओ पाण्याने केला तर बरेचसे स्वस्त मीटर समुद्राच्या पाण्याला थोडं चुकीचं दाखवतात. २५ डिग्रीला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६ आली की झालं. आणि रोज उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ-डीआय पाणीच टाकायचं, खारं नाही, नाहीतर सॅलिनिटी चढत जाते.

पैसे वाचवायचेच असतील तर टँक लोकल काचवाल्याकडून बनवा आणि सिरॅमिक रॉक (समुद्रातल्या दगडाऐवजी वापरायचे बनवलेले दगड) घ्या. मालवणच्या समुद्रातून दगड किंवा कोरल उचलून आणायचा विचारही करू नका, सगळे हार्ड कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत आणि तिथलं रीफ आधीच हाल सोसतंय. सुरुवातीला झोआ, मशरूम, लेदर असे सॉफ्ट कोरल पुरे, तेही कुठून आलेत हे दुकानदाराला विचारूनच घ्या. त्याआधी चार-सहा आठवडे टँक सायकल होऊ द्या, म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया त्यात वाढू द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच पहिला मासा.