हाय-गेन ट्यूब ॲम्पचे किट निवडताना: २२०४, एसएलओ की छोटा ॲम्प?

गिटारचा हाय-गेन ट्यूब ॲम्प, म्हणजे सिग्नल खूप वाढवून डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेला आवाज) देणारा ॲम्प, किटमधून स्वतः बांधायचा असे ठरले की बहुतेकांचा पहिला प्रश्न वॅटचा असतो: पन्नास घ्यावा, शंभर घ्यावा, की पंधरा-अठरा वॅटवर भागेल? प्रश्न गैरलागू नाही, पण निवड त्यावरून करू नये. ५० आणि १०० वॅटमध्ये आवाजाचा फरक अवघ्या ३ डेसिबलचा असतो, आणि तेवढ्यासाठी ट्रान्सफॉर्मर जवळपास दुप्पट जड होतात. बांधणाऱ्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे असते ते प्रीॲम्पमध्ये (ॲम्पच्या पहिल्या भागात) सिग्नल एकापाठोपाठ किती वेळा वाढवला जातो हे. वाढवण्याच्या अशा प्रत्येक पायरीबरोबर, म्हणजे गेन स्टेजबरोबर, डिस्टॉर्शन जसे वाढते, तशी तारांच्या मांडणीतली ढिलाईही ऐकू येऊ लागते. म्हणून ही तुलना गेन स्टेजच्या संख्येवरून केली आहे.

बाजारात मिळणारी हाय-गेन किटे बहुतांशी दोन घराण्यांतली असतात. पहिले घराणे मार्शलच्या २२०३ आणि २२०४ या मॉडेलांचे. मास्टर व्हॉल्यूम (प्रीॲम्पनंतर एकूण आवाज ठरवणारे बटण) असलेला हा ॲम्प १९७५ मध्ये आला आणि १९८१ पासून जेसीएम ८०० या नावाने विकला जाऊ लागला. त्यातला २२०३ शंभर वॅटचा आणि २२०४ पन्नास वॅटचा. दुसरे घराणे माइक सोल्डानो यांच्या १९८७ च्या एसएलओ-१०० चे. नव्वदीच्या दशकात आलेल्या मेसा बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरवरही याच सर्किटची छाप आहे. या दोहोंशिवाय तिसरा पर्याय छोट्या ॲम्पचा: प्रीॲम्प वरील दोहोंपैकी एकाच्या धर्तीवर आणि आउटपुटला ईएल८४ ट्यूबांची जोडी.

२२०४ च्या सर्किटमध्ये १२एएक्स७ जातीच्या फक्त तीन ट्यूब असतात. प्रत्येक ट्यूबमध्ये दोन ट्रायोड (ग्रिडवर सिग्नल घेऊन प्लेटवर तो वाढवून देणारे भाग; तिसरे टोक कॅथोड), म्हणजे एकूण सहा. त्यांतले तीन सिग्नल वाढवतात, चौथा कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे सिग्नल न वाढवता, टोन कंट्रोलच्या जाळ्याला चालवतो आणि उरलेले दोन फेज इन्व्हर्टरमध्ये (आउटपुट ट्यूबांना एकमेकांच्या उलट दोन सिग्नल देणाऱ्या भागात) खर्ची पडतात. १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरसह एक साधी स्टेज सिग्नल साधारण पन्नास ते साठ पट वाढवते. दुसरी स्टेज मात्र जाणूनबुजून वेगळी ठेवलेली आहे. तिच्या कॅथोडला १० किलोओहमचा रेझिस्टर असून त्याला समांतर कपॅसिटर नाही, त्यामुळे ती जेमतेम आठ-नऊ पट वाढ देते आणि लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच आधी छाटते. जेसीएम ८०० चा तो कडक, थोडा खरबरीत आवाज मुख्यतः इथे घडतो. पुढे दोन ४७० किलोओहमचे रेझिस्टर सिग्नल निम्म्यावर आणतात आणि मग तो तिसऱ्या स्टेजला मिळतो. सगळा हिशेब केला तर टोन कंट्रोलच्या आधी एकूण वाढ दहा ते पंधरा हजार पटींच्या घरात जाते. इनपुटच्या तारेत शिरलेली गुणगुणही तेवढ्याच पटीने वाढून बाहेर येते, हे वायरिंग करताना सतत डोक्यात ठेवावे लागते.

एसएलओच्या ओव्हरड्राइव्ह चॅनलमध्ये कॅथोड फॉलोअरच्या आधी एकापाठोपाठ चार स्टेज आहेत. त्यांतल्या तिसरीच्या कॅथोडला थेट ३९ किलोओहमचा रेझिस्टर दिलेला आहे. ती सिग्नल दोन-अडीच पटींपलीकडे वाढवत नाही, तिचे काम छाटण्याचेच. कागदावर हा फक्त एका स्टेजचा फरक दिसतो. कानाला तो फार मोठा वाटतो, कारण २२०४ मध्ये स्वर दाबून धरण्यासाठी हाताला जे कष्ट पडतात ते इथे ॲम्प उचलतो, लीड वाजवताना स्वर लांबतो आणि पिकचा आघात मऊ होतो. २२०४ तुलनेने उघडा आहे. हात ढिला पडला की लगेच सांगतो. रिदम वाजवणाऱ्यांना तो यासाठीच आवडतो आणि काहींना यासाठीच नकोसा होतो.

सोयींच्या बाबतीत दोहोंची बरोबरी नाही. २२०४ ला एकच चॅनल आहे, इफेक्ट्स लूप (प्रीॲम्पनंतर पेडल जोडण्याची जागा) नाही, आणि स्वच्छ आवाज हवा असेल तर गिटारचा व्हॉल्यूम खाली आणण्यावाचून गत्यंतर नाही. डिले किंवा रिव्हर्बचा पेडल प्रीॲम्पच्या आधी लावला तर डिस्टॉर्शनमध्ये त्याचा चिखल होतो. ज्याच्या वाजवण्यात डिले अविभाज्य आहे त्याने मूळ बरहुकूम २२०४ घेण्यापूर्वी विचार करावा, किंवा लूप जोडून दिलेले किट शोधावे. एसएलओला दोन चॅनल आणि ट्यूबवर चालणारा लूप मिळतो. त्या बदल्यात ट्यूबांची संख्या वाढते, चॅनल बदलण्यासाठी रिले किंवा ऑप्टोकपलर येतात, त्यांना वेगळा कमी व्होल्टेजचा पुरवठा लागतो, आणि या साऱ्या तारा त्याच चॅसीत (ॲम्पच्या धातूच्या पेटीत), नेमक्या सर्वाधिक संवेदनशील ग्रिडच्या आसपास न्याव्या लागतात. ज्याने आजवर एकही ट्यूब ॲम्प बांधलेला नाही त्याने एसएलओच्या किटपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोल्डरिंग कुणालाही आठवड्याभरात जमते. अडचण येते ती दोष शोधताना: चार स्टेजच्या ॲम्पमध्ये शिट्टी वाजू लागली की ती कोणत्या दोन तारांच्या जवळिकीतून येते आहे, हे ओळखायला आधीचा अनुभव लागतो.

इथे एक मधला मार्ग सुचवावासा वाटतो, जो किट विकणारे सहसा सांगत नाहीत. २२०४ बांधावा आणि त्याच्या पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवावा. पेडलचा ड्राइव्ह जवळपास शून्यावर आणि लेव्हल वर. या पेडलची गेन स्टेज साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालचा भाग कमी वाढवते, त्यामुळे जाड तारांचा गुबगुबीतपणा प्रीॲम्पमध्ये शिरण्याआधीच कमी होतो आणि रिदम घट्ट ऐकू येते. कितीतरी मेटल गिटारवादकांचा आवाज मुळात एवढाच आहे. चौथी गेन स्टेज चॅसीच्या बाहेर, स्वतःच्या धातूच्या डबीत आणि नऊ व्होल्टवर राहिली, तर बांधणाऱ्याच्या डोक्यावरचा बराच भार उतरतो.

छोट्या ॲम्पबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: वॅट कमी म्हणजे बांधायला सोपा. आउटपुटचा भाग खरोखरच सोपा असतो. ईएल८४ ची जोडी बहुधा कॅथोड बायसवर चालवतात, त्यामुळे बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा प्रवाह) जुळवण्याचे काम उरत नाही, आणि ट्रान्सफॉर्मर हलके असतात. पण प्रीॲम्प तोच, त्यातल्या स्टेज तेवढ्याच आणि चॅसी मात्र आखूड. इनपुटची तार आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यातले अंतर कमी झाले की अडचण वाढते. शिवाय खालच्या सुरात जुळवलेल्या गिटारला लहान आउटपुट ट्रान्सफॉर्मर कमी पडतो आणि जाड तारांचा आवाज लवकर विस्कटतो. घरातल्या खोलीत वाजवायचे म्हणून पंधरा वॅट घेणाऱ्यांची तर हमखास निराशा होते, कारण तेवढाही ॲम्प खोलीसाठी प्रचंडच असतो. हाय-गेन आवाज बहुतांशी प्रीॲम्पमध्ये बनत असल्याने चांगला मास्टर व्हॉल्यूम असलेला पन्नास वॅटचा ॲम्प दबक्या आवाजातही बराचसा तसाच वाजतो.

आता बोर्डाचा प्रश्न, जिथे मला सर्वाधिक वेळ घालवावासा वाटतो. टरेट बोर्ड म्हणजे पितळी खुंट्या ठोकलेली जाड पट्टी. सुटे भाग खुंट्यांवर सोल्डर करायचे आणि तिथून ट्यूबच्या सॉकेटपर्यंत एकेक तार स्वतः न्यायची. छापील बोर्डात यातल्या बहुतेक जोडण्या तांब्याच्या रेघांनी आधीच झालेल्या असतात. हातवायरिंगचे आकर्षण असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मार्शलचा २२०३ आणि सोल्डानोचा एसएलओ हे दोन्ही मूळ ॲम्प छापील बोर्डावरच बनवले गेले, त्यामुळे अस्सलपणाचा मुद्दा टरेट बोर्डाच्या बाजूने लावता येत नाही. त्याचे फायदे वेगळे आहेत: सर्किट डोळ्यांना दिसते, भाग बदलणे सोपे जाते, आणि चुकीचा रेझिस्टर काढताना तांब्याची रेघ उखडण्याची भीती नसते. तोटा एकच, पण मोठा. तारांची मांडणी बांधणाऱ्यावर अवलंबून राहते. छापील बोर्डावर ती आखणाऱ्याने एकदा ठरवून तपासलेली असते, म्हणून एकाच किटमधून बांधलेले दहा ॲम्प साधारण सारखेच शांत निघतात.

मांडणी म्हणजे नेमके काय, ते पहिल्या ट्यूबवरून कळते. इनपुट जॅकपासून ग्रिडपर्यंत जाणारी तार शिल्डेड हवी आणि तिची शिल्ड एकाच टोकाला ग्राउंडला जोडायला हवी. ६८ किलोओहमचा ग्रिड रेझिस्टर जॅकवर न लावता सॉकेटच्या पिनेलाच, तिकडचा पाय शक्य तितका आखूड कापून, सोल्डर करावा. तो ट्यूबच्या आतल्या धारितेबरोबर मिळून रेडिओच्या लहरी अडवतो आणि पिनेपासून दूर गेला की उरलेली उघडी तार अँटेना बनते. फिलामेंटच्या (ट्यूब तापवणाऱ्या तंतूच्या) ६.३ व्होल्टच्या तारांना घट्ट पीळ देऊन त्या चॅसीच्या कोपऱ्याने न्याव्यात आणि ग्रिडच्या तारा त्यांना काटकोनात ओलांडाव्यात. प्लेटची तार आणि आधीच्या स्टेजची ग्रिडची तार समांतर धावू देऊ नये. २२०४ मध्ये यातली एखादी गोष्ट कमी पडली तरी ॲम्प थोडासा गुणगुणतो आणि चालून जातो. एसएलओ ती माफ करत नाही, गेन सातच्या पुढे नेला की शिट्टी मारतो. म्हणून माझी जोडी अशी: २२०४ घ्यायचा तर टरेट बोर्डावर, कारण शिकायला तो उत्तम, एसएलओ घ्यायचा तर छापील बोर्डावर.

किटसोबत मिळणारे कागद हाही तुलनेचाच भाग आहे, आणि ते खरेदीपूर्वी पाहायला मिळत नसतील तर तेवढ्यावरून किट नाकारावे. सर्किट आकृती, मांडणीचे चित्र आणि प्रत्येक ट्यूबच्या प्रत्येक पिनेवर अपेक्षित व्होल्टेजचा तक्ता, या तिन्ही गोष्टी हव्यात. तक्ता नसेल तर ॲम्प बिघडल्यावर मोजलेला आकडा बरोबर की चूक हे ठरवायला आधारच राहत नाही. आउटपुट ट्यूबांच्या कॅथोडला एक-एक ओहमचे रेझिस्टर दिलेले आहेत का तेही पाहावे. त्यांच्यावर वाचलेला एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर, आणि बायस सुरक्षितपणे जुळवता येतो. २२०४ मध्ये वापरतात त्या ईएल३४ या आउटपुट ट्यूबची प्लेट २५ वॅटपर्यंत उष्णता सोसते; त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे १७.५ वॅट धरले तर ४५० व्होल्टवर एका ट्यूबला सुमारे ३९ मिलिअँपिअर येतात. वाचनात स्क्रीनचा (ट्यूबच्या आणखी एका टोकाचा) प्रवाहही मिसळलेला असल्याने किंचित जास्त आकडा दिसला तरी घाबरायचे कारण नाही.

व्होल्टेजच्या बाबतीत तिन्ही पर्याय सारखेच जिवावर बेतणारे आहेत. छोट्या ॲम्पमधले तीनशे-साडेतीनशे व्होल्टही माणसाला पुरेसे असतात. ४५० व्होल्टला भरलेल्या १०० मायक्रोफॅरॅडच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये दहा ज्यूल ऊर्जा असते आणि प्लग काढल्यावरही ती तिथेच थांबते. २२० किलोओहमचा ब्लीडर रेझिस्टर जोडलेला असेल तर साधारण दोन मिनिटांत व्होल्टेज तीन-चारवर येते. नसेल तर कित्येक तास धोका राहतो. किटमध्ये ब्लीडर नसला तर आपण लावावा, आणि असला तरी हात घालण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजावे. पहिल्यांदा चालू करताना तंतूचा बल्ब मेन्सच्या मालिकेत जोडावा आणि ट्यूबा काढून ठेवाव्यात; बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. ट्यूबा बसवून स्पीकर जोडल्यावर ॲम्प सुरू होताच मोठ्याने किंचाळू लागला, तर बहुधा फीडबॅक (आउटपुटमधून मागे आणलेला सिग्नल) उलटा झालेला असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली की तो शांत होतो.

राहता राहिला तयार ॲम्प. किटमुळे पैसे वाचतात हे गणित मला पटत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर, ट्यूबा आणि कॅबिनेट यांच्या खर्चात हत्यारांचा खर्च मिळवावा लागतो आणि हाताने बांधलेल्या ॲम्पला विकताना कारखान्याच्या ॲम्पची किंमत येत नाही. किट परवडते ते पुढच्या दुरुस्त्या स्वतः करणाऱ्याला. ज्याला मुख्यतः वाजवायचे आहे आणि येत्या महिन्यातल्या कार्यक्रमासाठी ॲम्प हवा आहे, त्याने वापरलेला पण चालू ॲम्प विकत घ्यावा. बांधण्याची हौस फेंडर चॅम्पच्या ५एफ१ सर्किटच्या किटवर आधी भागवता येते: एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक रेक्टिफायर ट्यूब आणि सुमारे पाच वॅट. त्यात हाय-गेनचा मागमूस नाही, पण पिळाच्या तारा, ग्राउंडची मांडणी, फिल्टर कपॅसिटर रिकामे करण्याची सवय आणि तक्त्याशी व्होल्टेज ताडून पाहणे हे सगळे त्यात आहे, आणि तो नीट चालला की २२०४ चे किट मागवायला हरकत नाही.